सात बसतात, पाच घालायच्या

आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर रस्ता खणलाय. भाजी घेऊन येताना जरा थांबले. मोठ्या पाइपात केबलच्या बारीक नळ्या किती मावतील, ते बघायचं चाललं होतं. मुकादमाने पाइपचं एक कडं कापून मातीवर ठेवलं होतं आणि एक कामकरी बाई त्यात नळ्यांचे तुकडे उभे रचत होती. मधे एक, भोवती सहा. अगदी फुलासारखं दिसत होतं.

"सात बसल्या की हो, दादा," ती खुशीत म्हणाली.

"बसल्या गं. पण आत ओढणार कशा? पाचच घालायच्या."

त्याने दोन तुकडे उचलले, तसे उरलेले पाच सैल होऊन कलंडले. मला उगाच चुटपुट लागली. गोल वस्तूंच्या मधे फटी राहतातच. डबे भरताना, बॅगा भरताना मी त्या फटींवर जन्मभर चिडत आले. आणि इथे नळी पुढे सरकणार होती ती त्या मोकळ्या जागेच्याच जोरावर.

सकाळीच मी मागच्या खोलीत टेप लावून मापं घेतली होती. आई आता कायमची आमच्याकडे राहायला येतेय. दोन कपाटं, शिलाई मशीन, तिची खाट, सगळं बरोब्बर बसत होतं. बोटभर जागा वाया जात नव्हती.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, त्या खोलीतलं एक कपाट काढू या."

"का? बसतंय की."

"बसतंय हो. पण आई खिडकीपर्यंत जाणार कशी?"