जाताना एक लीटर, येताना दीड

तारीख १५ मे १९९४, रविवार, आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, दुसरा दिवस. जागा, धुळ्यात एका जुन्या गाड्यांच्या दलालाचं आवार. माझ्या आतल्या खिशात चाळीस हजार रुपये होते. त्यातले पंचवीस हजार माझे आणि पंधरा हजार आबांचे. हजर आम्ही तिघेच: मी, आबा आणि दलाल.

आबा म्हणजे माझे थोरले काका. वडील लवकर गेल्यामुळे आबांनीच मला वाढवलं. बोदवडजवळच्या गावी त्यांची कपाशीची शेती होती आणि बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. दलालाला सगळे नाना म्हणत. तो पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. काळ बदलला तशा त्याच्या आवारातल्या दावणी गेल्या आणि तिथे मोटारी आल्या. आबांची त्याची ओळख बाजारापासूनची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. जळगावात एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाची गाडी अकराशे रुपये महिन्याने चालवत होतो आणि ती नोकरी आठ दिवसांपूर्वी सोडून बसलो होतो.

नोकरी सोडण्याचं कारण सांगतो. जळगावातल्या एका वर्तमानपत्राचे गठ्ठे रोज धुळ्याला पोचवायचं वर्षाचं काम मला मिळालं होतं. पहाटे पावणेतीनला गठ्ठे ताब्यात मिळायचे, ते साडेचारला धुळ्याच्या स्टँडवर उतरायला हवेत. अंतर चौऱ्याण्णव किलोमीटर. प्रत्येक पाव तासाच्या उशिराला वीस रुपये कापणार. एका फेरीचे, जाऊन येऊन, दोनशे ऐंशी रुपये, आणि पेट्रोल माझं. म्हणजे गाडी पळणारीही हवी आणि कमी पिणारीही हवी. दोन्हींतलं एक सुटलं तर काम अंगावर येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवडे मी जळगाव, भुसावळ आणि धुळे या तिन्ही गावांत गाड्या पाहिल्या. डिझेल इंजिन बसवलेली एक अँबॅसिडर स्वस्त होती आणि पीतही कमी होती, पण पन्नासच्या पुढे काटा गेला की सगळी थरथरायची. तिच्यात बसून साडेचारला धुळं शक्य नव्हतं. आठशे सीसीच्या नव्या छोट्या गाड्या सगळ्याच बाबतीत चांगल्या, पण जुन्यातली जुनी ऐंशी हजारांच्या खाली नव्हती. राहिली ती नानाच्या आवारातली क्रीम रंगाची पद्मिनी. मागची सीट काढली की गठ्ठे बसत होते. सत्तरने आरामात पळत होती. प्रश्न एकच होता, लीटरला किती देते.

मी कुणाच्या सांगण्यावर गाडी घेणारा नाही. जळगावच्या एका मिस्त्रीकडून मी लीटरच्या खुणा असलेली बाटली आणि नळी आणली होती. टाकीची नळी सोडून बाटलीची जोडायची, मोजून पेट्रोल भरायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. मीटरवर माझा विश्वास नव्हता, म्हणून किलोमीटरचे दगड मोजायचे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी नानाचा माणूस शेजारी बसवून जळगावच्या रस्त्याने पूर्वेला, पारोळ्याच्या दिशेने निघालो. बरोबर अडीच लीटर पेट्रोल होतं. आबा मागे नानाकडे बसले.

एक लीटर संपलं तेव्हा पंधरावा दगड मागे पडला होता. मला इतका आनंद झाला की मी रस्त्याच्या कडेला उभं राहून वहीत लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. पंधरा! मग उरलेलं दीड लीटर टाकून परत फिरलो. येताना तोच रस्ता, तेच पंधरा दगड. आणि नानाचं फाटक दिसायला लागलं तिथेच गाडी आचके देऊन बंद पडली. बाटली कोरडी.

"नळीमा हवा भराई गयी व्हई, भाऊ," नानाचा माणूस म्हणाला.

मला ते लगेच पटलं. वाटेत शेळ्यांचा कळप आडवा आला होता, तेव्हा गाडी उभ्या उभ्या चालू होती, हेही मी मनात धरलं. आम्ही दोघांनी शेवटची शंभरेक पावलं गाडी ढकलत आवारात आणली. वहीत मी हाही आकडा लिहिला. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. पण त्याभोवती गोल काढला नाही.

आबांनी विचारलं, "किती देते?"

"पंधरा."

"नक्की?"

"मोजलंय, आबा. दगड मोजलेत."

नाना हसत उठला. "गाडी शे का हरिण शे! तुमना पोऱ्यानी पारखी लिधी, आते काय ऱ्हायनं, आबा?"

"गाडी त्यानं पाह्यली. दाम मी करतो," आबा म्हणाले. "हात आण."

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या जोडलेल्या हातांवर टाकला. बैलबाजारात भाव असाच होतो. हजार की शंभर ते तोंडाने बोलतात, आकडा बोटांनी. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच. भोवती कितीही माणसं असोत, आकडा त्या दोघांनाच कळतो आणि पैसे मोजेपर्यंत कुणी विचारत नाही. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी रुमालाखाली माझे पैसे होते, माझं पुढचं वर्ष होतं, आणि मला फक्त दोन म्हाताऱ्यांचे चेहरे दिसत होते. नाना मान हलवत होता. आबांचा चेहरा नेहमीसारखाच कोरा. मध्येच नाना ओरडला, "नही नही, आबा, इतला नही! मना पोटवर पाय देतस का?" त्याने हात सोडवायला पाहिलं. आबांनी सोडला नाही. शेवटी नानाने मोठा श्वास सोडला आणि रुमाल निघाला.

"झालं," आबा म्हणाले. "चहा सांग, नाना."

सौदा पक्का झाला होता. चहा येईपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून मी वही उघडली. तिच्यात एकाखाली एक दोन ओळी होत्या. जाताना एक लीटर, पंधरा. येताना दीड लीटर, पंधरा. दुसऱ्या ओळीचा भागाकार मी केलाच नव्हता. तो आता केला. दहा आले.

मी मान वर केली. आवारातल्या निंबाच्या फांद्या सगळ्या पूर्वेकडे वाकलेल्या होत्या. वैशाखाचा वारा पश्चिमेकडून सुटला होता. जाताना तो माझ्या पाठीशी होता, येताना तोंडावर. त्यात धुळं जळगावपेक्षा चढावर. नळीत हवा नव्हती आणि शेळ्यांनीही काही केलं नव्हतं. गाडीत दोष नव्हता, मी अर्धाच आकडा मोजला होता. पहाटे वारा पडतो, पण तेव्हा गाडीत गठ्ठ्यांचं वजन असणार. म्हणजे धुळ्याकडे जाताना दहाच. पेट्रोल तेव्हा सतराच्या घरात होतं. दोन्हीकडे पंधरा धरून मी रोजचे सदुसष्ट रुपये सुटतील असा हिशेब केला होता. आता ते चौदा राहत होते. टायर, ऑइल, दुरुस्ती त्यातच.

चहाचा कप हातात होता आणि मला तो खाली ठेवता येईना. बोलायला तोंड उघडलं असतं तर वेळ होती, पैसे अजून माझ्याच खिशात होते. पण आबांनी पन्नास वर्षांत दिलेला हात मागे घेतला नव्हता. बैल असता तर जुंपून पाहिल्याशिवाय सौदा पक्का नाही असं म्हणता आलं असतं. इथे जुंपून मीच पाहिलं होतं आणि मोठ्याने पंधरा मीच सांगितलं होतं. मी चहा प्यायलो.

"साडेसदतीस मोज," आबा म्हणाले.

नाना चाळीस मागत होता आणि मी तिथपर्यंत जायची तयारी ठेवली होती. आकडा ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी साडेसदतीस हजार नानाच्या हातावर मोजले. पैकी साडेबावीस माझे, पंधरा आबांचे. उरलेल्या अडीच हजारांत पाचशे घालून दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कचेरीत तीन हजार अनामत भरली. वर्षाच्या आत काम सोडलं तर ती बुडणार होती.

पुढचे महिने मी फार लिहीत नाही. सावकाश चालवली तर पेट्रोल वाचायचं आणि वीस रुपये कापले जायचे. पळवली तर वीस वाचायचे आणि पेट्रोल जळायचं. मी पंचावन्न, साठ, पासष्ट, सगळे वेग करून पाहिले. चौदा रुपयांचे कधी सोळा झाले, कधी आठ. परतताना लोक धुळ्याच्या स्टँडवर विचारायचे, एरंडोलला सोडता का, जळगावला सोडता का. गठ्ठे नेण्यावर कुणी बोट ठेवत नसे, पण खाजगी नंबरच्या गाडीत भाडं घेणं मला जमलं नाही. ऑगस्टपासून मी दुपारी पुन्हा त्याच जिनिंगच्या मालकाकडे बदली ड्रायव्हर म्हणून जाऊ लागलो. ते एवढंच म्हणाले, "आलास?" बायकोला मी खरा आकडा पहिल्याच आठवड्यात सांगितला. आबांना नाही. ते जेव्हा विचारत, "देते ना रे पंधरा?" तेव्हा मी "देते" म्हणत असे. एका दिशेला ती देतच होती.

दिवाळीनंतर आबा डोळे दाखवायला जळगावला आले आणि म्हणाले, "मले एकदा तुह्या गाडीत धुळ्याले ने." नाही म्हणता येईना. पहाटभर ते गठ्ठ्यांना टेकून बसले. परतताना मी पंपावर टाकी भरली तेव्हा ते खाली उतरून आकडे फिरताना पाहत उभे राहिले. पावणेसोळा लीटर. पारोळ्याला चहाला थांबलो.

"मिळते किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे ऐंशी."

बोटांच्या पेरांवर त्यांचा अंगठा फिरला. "अन् पेट्रोलचे झाले दोनशे अडुसष्ट. हे पंधरा देते?"

"येताना पंधरा देते, आबा. जाताना दहा."

"कधी कळलं?"

"नानाकडे. चहा पिताना."

आबांनी बशीतला चहा संपवला. "मले चहाच्या आधी कळलं होतं. बैल चालत नेला अन् ढकलत आणला, तं काय समजावं माणसानं?"

"मग हात कशाला दिला?"

"तू नानासमोर पंधरा बोलला. शिकलेला पोरगा, वही घेऊन बसलेला. मी काय तिथी तुले खोटं पाडू? मंग रुमालात अडीच हजार कमी केले. तेवढंच माह्या हातात होतं."

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तरी..."

"तू बोलला असता," आबा म्हणाले. "चाल, गाडी काढ. तुह्या जिनिंगचा शेठ वाट पाहीन."

काम मी मेअखेरपर्यंत पुरं केलं. अनामत परत मिळाली. जूनमध्ये गाडी भुसावळच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याला एकतीस हजारांना विकली. त्याने किती देते असं विचारलं तेव्हा मी दोन्ही आकडे सांगितले, वाऱ्यासकट. त्याला रोज दोन किलोमीटर जायचं होतं. तो हसला.

त्याच आठवड्यात पंधरा हजार घेऊन मी बोदवडला उतरलो आणि गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. मी नोटा पुढे ठेवल्या. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात ओढला आणि त्यावर टाकला. ओट्यावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"हजार," ते म्हणाले.

मी त्यांचा पंजा तीनदा दाबला. त्यांनी माझा दोनदा. मी पुन्हा तीनदा. त्यांनी माझी बोटं मिटवली. मी हात काढायला पाहिलं. त्या वयातही त्यांची पकड अशी होती की नाना त्या दिवशी का ओरडला ते मला तेव्हा कळलं. मी चौदावर आलो, ते अकरावर. मी तेरावर, ते बारावर. मग कुणीच हलेना. शेवटी त्यांनी माझ्या एका बोटाचं अर्धं पेर दाबलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"झालं," मी म्हणालो. तेव्हा हात सुटला.

परतीच्या गाडीत वही काढली. पद्मिनीत तोटा साडेसहा हजारांचा. घातलेल्या पैशांच्या प्रमाणात त्यातले दोन हजार सहाशे आबांचे होत होते. त्यांनी अडीच हजार स्वतःवर घेतले. शंभराचा फरक, तो माझ्याकडून.

आबांना दिले ते रोख, बारा हजार पाचशे.