चोपन्न ते साठ नंबरच्या कुंड्या

ब्लेडने मी कोवळी फूट उभी चिरली आणि भिंगाखाली धरली. बाहेरून हिरवीगार. आत, जिथे कळ्यांचा झुबका दिसायला हवा होता, तिथे एक तपकिरी धागा. सुकलेला. दुसऱ्या कुंडीतली फूट चिरली. तेच. पाचव्या कुंडीनंतर माझा हात थांबला.

"काय झालं मॅडम?" हुसेनशेठनी विचारलं.

"फुलं येणार नाहीत."

"म्हणजे कमी येतील?"

"येणारच नाहीत. कळ्या आतल्या आत मेल्यात."

शेठ नर्सरीतल्या बाकड्यावर बसले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला सतरा दिवस उरले होते.

हुसेनशेठ उरणचे कोकणी मुसलमान. फळांचे मोठे व्यापारी, तुर्भ्याला स्वतःचं कोल्ड स्टोअरेज. त्यांच्यासोबत आलेले म्हात्रे त्या कोल्ड स्टोअरेजचे ऑपरेटर. मशीन चालवायचं, खोल्यांची थंडी राखायची, हे त्यांचं काम. शेठनी मान वर केली.

"कशानं मेल्या?"

"थंडी तुटली असणार," मी म्हणाले. "मधे कधीतरी खोली गरम झाली. दार उघडं राहिलं असेल, नाहीतर मशीन बंद पडलं असेल."

"मशीन बंद नाय परला मॅडम," म्हात्रे म्हणाले. "एक दिस नाय."

"मग फुलं काय हवेत उडाली?" शेठ उभे राहिले. "एक काम दिलं होतं म्हात्रे. एक! साठ कुंड्या थंड ठेवायच्या. उद्यापासून यायचं नाय."

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंग पुसत होते.

आता हे झाड कोणतं आणि त्याला कोल्ड स्टोअरेज कशाला, ते सांगते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नेरूळला माझी नर्सरी होती. मी हॉर्टिकल्चर शिकलेली, काम सोसायट्यांचे बगीचे आणि समारंभांच्या कुंड्या. शेठ आले आणि म्हणाले, लग्नाचं स्टेज पांढऱ्या फुलांचं पाहिजे, पण वास नको. "आमच्या अम्मीला दमा. मोगरा, निशिगंध, काय पण आणा, तिचा श्वास अडकतो. पोरीच्या बाजूला दादी नको का बसायला?"

मी ड्यूट्झिया सुचवलं. हायड्रेंजियाच्या कुळातलं कमरेएवढं झुडूप. फांदी आतून पोकळ, पानं समोरासमोर जोडीने. पानावर बोट फिरवलं तर बारीक सँडपेपरसारखं लागतं; भिंगाखाली पाहिलं तर त्यावर चांदणीच्या आकाराची लव दिसते. फूल पाच पाकळ्यांचं, पांढरंशुभ्र, लहान. पण एकेका फांदीवर इतकी येतात की फांदी वाकते. आणि वास जवळजवळ नाहीच.

अडचण एकच. हे थंड मुलखातलं झाड आहे. त्याच्या कळ्या आधीच्या उन्हाळ्यात तयार होतात आणि फांदीवरच्या डोळ्यात मिटून बसतात. डोळा म्हणजे जिथून पुढे फूट निघते तो बारीक उंचवटा. पानं गळतात, झाड झोपतं. सहा-सात आठवडे कडक थंडी मिळाली, की त्याला वाटतं हिवाळा संपला. मग ऊब मिळताच ते जागं होतं आणि महिन्या-दीड महिन्यात फुलतं. नवी मुंबईत त्याला हिवाळा कुठून आणायचा? शेठ हसून म्हणाले होते, "हिवाळा आपल्याकडे भाड्यानं मिळतो मॅडम."

डोंगरातल्या एका नर्सरीतून साठ कुंड्या मागवल्या. प्रत्येकीवर मी पांढऱ्या रंगाने नंबर घातला. नोव्हेंबरात त्या तुर्भ्याच्या दोन नंबरच्या खोलीत गेल्या, चार डिग्रीत. जानेवारीच्या सुरुवातीला टेम्पोने माझ्याकडे परत आल्या. नुसत्या काड्या. शेठना घाम फुटला, पण मी नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. पंधरा दिवसांत पानं आली. मी खूश. मग पानांमागून कळ्या दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या नाहीत, म्हणून त्या दिवशी मी ब्लेड हातात घेतलं होतं.

दोघं गेल्यावर मी एकेक कुंडी तपासत बसले. एक ते त्रेपन्न, सगळीकडे तोच तपकिरी धागा. चोपन्नावी चिरली आणि ब्लेड खाली ठेवलं. आत मोहरीच्या दाण्यांएवढ्या हिरव्या कळ्यांचा घोस होता. पंचावन्न, जिवंत. साठपर्यंत सगळ्या जिवंत.

थंडी तुटली असती तर साठच्या साठ गेल्या असत्या. एवढं साधं गणित मला दोन तासांपूर्वी सुचलं नव्हतं. एका माणसाची नोकरी घालवून झाल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्भ्याला गेले. म्हात्रे गेटवरच होते, पिशवीत आपला डबा, स्वेटर, मफलर भरून. चौदा वर्षं ते तिथे होते. मुलगी बारावीला.

"म्हात्रे, मला चार्ट दाखवा."

"मी आता कामावर नाय मॅडम."

"मला माहीत आहे. दाखवा."

खोलीच्या तापमानाचा चार्ट म्हणजे गोल कागद. त्यावर मशीनचं पेन फिरत राहतं आणि थंडी कमी-जास्त झाली की रेघ हलते. सात आठवड्यांचे सात कागद त्यांनी टेबलावर मांडले. रेघ कंपासने काढल्यासारखी.

"हे नंतर बदलले नाहीत ना?" मी विचारलं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

"पेन मशीन फिरवतं, मी नाय," ते म्हणाले. "मना रेघ मारता आली असती त मी ड्राइंग मास्तर झालो असतो."

"खोली उघडा."

दार सरकलं आणि वास आला. गोड, दाट, घशात बसणारा. सफरचंदांचा. जमिनीपासून छतापर्यंत पेट्याच पेट्या.

मी दारातच उभी राहिले.

"ही कधीपासून आहेत इथे?"

"रमजानच्या आधीपासून. इफ्तारीला फळ लागतं, शेट दरसाल माल भरून ठेवतात. यंदा एक नंबर भरली, म्हनून दोनमधी टाकला."

"माझ्या कुंड्यांच्या खोलीत? मला न विचारता?"

म्हात्रे आत गेले, रजिस्टर घेऊन आले, पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'दुपारी साडेतीन. मॅडमना फोन केला. खोली नं. २ मध्ये सफरचंद ठेवू का विचारले. मॅडम म्हणाल्या, खुशाल ठेवा, मला फक्त चार डिग्री पाहिजे.'

मला तो फोन आठवला. शब्दन् शब्द आठवला. मी तेव्हा नर्सरीत आलेल्या कुठल्याशा सोसायटीच्या चेअरमनशी लॉनच्या कामावरून भांडत होते. रिसीव्हर मानेत धरून दहा सेकंदांत उत्तर दिलं होतं.

मी पुन्हा पेट्यांकडे पाहिलं. 

सफरचंद पिकताना एक वायू सोडतं, इथिलीन. डोळ्यांना दिसत नाही. कच्चा चिकू सफरचंदाबरोबर पिशवीत बांधला की लवकर पिकतो, तो यानेच. पण बंद खोलीत झोपलेल्या झाडाच्या कळ्यांना तोच वायू मारतो. पान वाचतं, साल हिरवी राहते, फक्त आतली नाजूक कळी जळते. हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. चिकूची युक्ती तर मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगायचे. तरीही कुंड्या पेट्यांच्या शेजारी ठेवायला मीच हो म्हटलं होतं. आणि टेम्पोतून कुंड्या उतरल्या तेव्हा मातीलाही हाच वास येत होता. "छान वास येतोय," असं मी टेम्पोवाल्याला म्हणालेही होते.

"काल हे का नाही सांगितलंत?"

"शेटसमोर? तुमी तिथं उभ्या असताना?" ते म्हणाले. "आनि मना काय ठावं सफरचंदानं झाड मरतं? तुमीच बोलल्या थंडी तुटली. तुमी शिकलेल्या."

 मी दुसरा प्रश्न विचारला.

"चोपन्न ते साठ नंबरच्या कुंड्या कुठे होत्या?"

आता ते चपापले. "मॅडम, तुमी बोललेल्या कुंडी हालवायची नाय."

"म्हात्रे, कुठे होत्या?"

"बटाट्याच्या खोलीत. दाराजवल होत्या, पेट्यांची ट्रॉली वलत नव्हती. तिथं पन चारच डिग्री हाय. चार्ट दाखवू?"

बटाटा असा वायू सोडतो तो नावापुरता. माझा हुकूम मोडला म्हणून सात कुंड्या वाचल्या होत्या. पाळला असता तर साठही गेल्या असत्या, आणि मी आयुष्यभर म्हात्र्यांना दोष देत राहिले असते.

तसेच दोघं वर ऑफिसात गेलो. शेठ फोनवर होते. त्यांनी म्हात्र्यांना पाहिलं आणि फोन ठेवला.

"तू अजून इथंच?"

"मी आणलंय त्यांना," मी म्हणाले आणि रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. "वाचा."

त्यांनी वाचलं. मी इथिलीन सांगितलं, बटाट्याची खोली सांगितली. शेठचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्याच सफरचंदांनी?"

"तुमची सफरचंदं, माझा होकार. यात म्हात्र्यांची चूक कुठेच नाही. काल मी अंदाजाने बोलले आणि तुम्ही तो खरा धरलात."

"या अल्ला," ते म्हणाले. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हात्र्यांच्या पिशवीकडे बघून ओरडले, "ही पिशवी काय घेऊन फिरतोस? खाली मशीन कोण बघणार, तुझा बाप?"

"बाप मिठागरावर होता शेट. मशीन मीच बघतो," म्हात्रे म्हणाले आणि खाली गेले.

शेठना माफी मागता येत होती ती एवढीच. मी जिन्यापर्यंत गेले आणि नीट शब्दांत मागितली. म्हात्रे म्हणाले, "ठीक हाय." ठीक नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

लग्नाचं स्टेज कापडाने आणि पानांनी भरून काढलं. सात कुंड्या मात्र वेळेवर फुलल्या. त्या नवरीच्या आणि दादीच्या खुर्च्यांभोवती ठेवल्या. दादी तीन तास तिथून हलल्या नाहीत, एकदाही खोकल्या नाहीत. मधेच त्यांनी एक पान चोळून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "फूल रेशमाचा नि पान पत्र्याचा. असा कसा गो?" मी त्यांना चांदण्यांची लव समजावून सांगितली. म्हात्रे घरच्यांसह जेवायला आले होते. कुंड्यांकडे त्यांनी लांबूनच पाहिलं.

त्यानंतर कुठलंही झाड कुठेही ठेवायचं असलं की मी तापमानाच्या आधी एक प्रश्न विचारते: खोलीत अजून काय आहे? आणि कारण सापडेपर्यंत 'असणार' हा शब्द वापरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कामासाठी मी पुन्हा तुर्भ्याला खोली मागायला गेले. म्हात्र्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि रजिस्टर पुढे सरकवलं. पानावर वेळ आधीच घातलेली होती.

"काय काय शेजारी ठेवायचा नाय, ते तुमच्या अक्षरात लिवा," ते म्हणाले. "खाली सही करा. मंग बोलू थंडीचं."

मी लिहिलं. सही केली. मग त्यांनी किल्ली काढली.