काकूंनी खोडलेलं गणित

"थांब गो बाय, ताळा बघू दे."

गणित सुटलं की काकू आधी हे म्हणायच्या. आलेलं उत्तर परत मूळ समीकरणात घालायच्या, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटायच्या आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या की बाकावर दोन बोटांनी हलकेच टकटक करायच्या. तोवर आम्ही बाकीचे तीन गणितं पुढे गेलेलो असायचो. पुस्तकाच्या मागे उत्तरं छापलेली असताना ताळा करणारी माणसं मला तेव्हा वेळ घालवणारी वाटायची. तुमच्याही वर्गात असं एखादं माणूस असेल, आणि तुम्हीही त्याला मनातल्या मनात हसला असाल.

काकू नवी मुंबईतल्या तळवली गावच्या. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला त्या माझ्या बाकावर आल्या, तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस होतं आणि माझं अठरा. पहिल्या दिवशी सर वर्गात शिरले आणि त्यांना पाहून म्हणाले, "पालकांनी ऑफिसात बसा, प्लीज."

काकू उभ्या राहिल्या. "सर, पालकबी मीच नि पोरबी मीच."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली आणि फूटपट्टीने समास आखला.

लिनिअर अल्जेब्रा हा आमचा पहिल्याच सत्रातला पेपर. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांच्या आडव्या-उभ्या रांगा, एवढं सांगून सर फळ्यावर भराभर पुढे जायचे. कुठला आकडा कुठल्या रांगेतला, यात निम्मा वर्ग गोंधळायचा. काकूंच्या सासऱ्यांनी गावातल्या जागेवर भाड्याच्या खोल्यांची तीन माळ्यांची इमारत बांधली होती, तिचा सगळा कारभार काकूंकडे. त्यांनी आम्हाला एका दुपारी समजावलं. "आडवी रांग म्हंजे माळा, उभी म्हंजे खोली. तिसरा माळा, दुसरी खोली. आता सांग, तिथं कोन राहतो?" तिथे शून्य असलं तर खोली रिकामी. गणित सोडवता सोडवता एखादी पूर्ण रांग शून्य झाली की काकू म्हणायच्या, "गेला, अख्खा माळा रिकामा झाला." महिन्याभरात सगळा वर्ग तसंच बोलायला लागला. एकदा सरांच्याही तोंडून माळा निघून गेला.

काकूंच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, असायची. वासाने नाक मुरडणाऱ्या मुलींना त्या आग्रह करायच्या नाहीत. मी साताऱ्याकडची, वडील वाशीच्या मार्केटात हमाल. सुकट आमच्या घरात माहीत नव्हती. काकूंच्या डब्यातून मी ती खायला शिकले आणि नंतर निर्लज्जासारखी रोज हात घालायला लागले.

एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला काय गरज आहे हो या सगळ्याची? नोकरी करणार आहात का?"

"नोकरी कसली गो. बारावीला गनितात शंभरातले ब्याण्णव व्हते. निकाल लागला त्याच हप्त्यात लगीन. आता पोरगं कमावतं झालं, सून आली. मना येवढंच बघायचं हाय, माझं डोकं अजून हाय का गेलं."

घरच्यांनी परवानगी दिली होती, पण अट घालून. एकही विषय न राहता पास झाल्या तरच पुढे. एक जरी राहिला तरी कॉलेज बंद. गावात हसं नको, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं. काकूंनी ती अट कुरकुर न करता मान्य केली होती. त्यांना भीती वाटत नव्हती. मीच रोज सांगायचे ना, काकू, मी आहे.

मी हुशार होते. आणि मी हुशार आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

आमची आडनावं एकाच अक्षराची होती, त्यामुळे परीक्षेतही आमचे बाक शेजारी आले. मोठ्या मार्कांचा प्रश्न होता: तीन समीकरणं, तीन अज्ञात अक्षरं, उत्तरं काढा. शेवटचा माळा रिकामा झाला. म्हणजे एकच एक उत्तर नाही, अगणित उत्तरं, आणि ती सगळी एका सूत्रात लिहायची. मी लिहिली आणि सहज उजवीकडे पाहिलं. काकूंचं लिहून झालं होतं. बाकावर दोन बोटं टकटकली. त्यांचं सूत्र माझ्यापेक्षा वेगळं होतं.

सुपरवायझर खिडकीपाशी होते. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, काही विचारलं नव्हतं. मीच खाकरले, त्यांनी मान वळवली, आणि मी माझा पेपर जरा तिरका करून त्यांना दाखवला. मग त्यांच्या उत्तराकडे बोट केलं आणि नकारार्थी मान हलवली. मला वाटलं, मी त्यांना वाचवतेय.

त्यांनी क्षणभर स्वतःच्या पेपराकडे बघितलं. मग फूटपट्टी घेतली आणि सगळं गणित दोन तिरक्या रेघांनी नीट खोडलं. पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुन्हा तेच आलं. पुन्हा खोडलं. पाऊण तास त्या नसलेली चूक शोधत बसल्या. शेवटची दोन गणितं कोरीच राहिली.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं चुकलं गो?"

"कुठेतरी चिन्ह चुकलं असेल, काकू," मी म्हणाले आणि बसच्या मागे धावले.

त्या एकाच विषयात काकू राहिल्या. मी वर्गात पहिली आले. निकालाच्या दिवशी त्यांचा फोन आला, माझं अभिनंदन करायला. "तू व्हतीस म्हनून येवढं तरी जमलं," म्हणाल्या. संध्याकाळी त्या वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

पुढच्या सत्रात एका तासाला नव्या मॅडमनी तसलंच गणित घातलं. माझं आणि शेजारच्या मुलीचं उत्तर जुळेना. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही बरोबर आहेत. ठाणे-बेलापूर रस्ता ठाण्याकडून सुरू करा नाहीतर बेलापूरकडून, रस्ता तोच ना? तुम्ही कुठलं अक्षर मोकळं सोडता त्यावर सूत्र बदलतं." वर्ग पुढे सरकला. मी तिथेच थांबले. काकूंचं उत्तर चुकीचं म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि जन्मात पहिल्यांदा ताळा केला. तिन्ही समीकरणांत ते बसलं.

त्यानंतरही तळवलीला जायला मला सात-आठ महिने लागले. परीक्षा होती, तब्येत बरी नव्हती, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. खरं कारण एकच होतं. मी घाबरले होते.

गेले तेव्हा काकू तांदूळ निवडत होत्या. सासूबाई पडल्या होत्या, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या. सून बाळंतपणाला माहेरी. काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं, वडिलांची चौकशी केली. मी पाणी तसंच हातात धरून सगळं सांगितलं. तुमचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मी उगाच मान हलवली. बोलता बोलता रडायला लागले. रडायचा हक्क माझा नव्हता, हे कळत असूनही थांबता येईना.

काकू ताटातले खडे बाजूला काढत होत्या.

"मना ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "ताळा बसला व्हता ना. पन तू हुशार. मना वाटलं, माझ्या ताळ्यातच खोट असंल."

"काकू, परत फॉर्म भरा. मी भरते. मी घरच्यांना सांगते, चूक माझी होती."

"कोनाला काय सांगू नको." त्यांनी ताट खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता. "वरीसभर मी म्हनत व्हते, डोकं गेलं, आपलं वय झालं. मनाला पटलं व्हतं गो. पटलं म्हनून सासूचं करता येत व्हतं, घरात बसता येत व्हतं. आता तू म्हनतेस, डोकं हाय. मंग ते घेऊन मी हितं काय करू?"

आतून सासूबाईंनी हाक मारली. काकू उठल्या, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आत गेल्या.

मी तासभर बसून होते. त्या बाहेर आल्या नाहीत.