विषय मिळाला, पण आमच्याच सोसायटीत

मित्रांनो, आज एमएच्या प्रबंधाचा विषय ठरवायचा होता आणि मी पुरती अडकले आहे.

आमच्या विभागात सगळ्या शाखा एकत्र आहेत, म्हणून कुठलाही विषय चालेल अशा खुशीत मी होते. मला घरकाम करणाऱ्या बायकांवर लिहायचंय. एका घरचं काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत त्या बसतात कुठे? समाजशास्त्राचे सर म्हणाले, "ये तो प्लॅनिंग का टॉपिक है." प्लॅनिंगच्या, म्हणजे नगररचनेच्या, मॅडमनी होकार दिला, पण अट घातली. "अपनी ही सोसायटी पे करो. दूसरी में गेट से अंदर कौन आने देगा?"

आमची सोसायटी गुरुग्रामची. बाबा तिथले सेक्रेटरी. कामाच्या बायका बसतात म्हणून लिफ्टजवळची बाकं काढायचा ठराव त्यांनीच मांडला होता.

संध्याकाळी चहा घेताना मी सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "अगं, मला सगळ्यांसमोर उभं करणार आहेस का?"

"तुमचं नाव नाही घालणार, बाबा."

"सेक्रेटरी एकच असतो, बेटा. शेजारच्या सोसायटीवर कर, मी बोलतो."

त्यांनी लगेच फोन स्पीकरवर लावून विषय सांगितला. तिथले सेक्रेटरी हसले, "अपनी सोसायटी पे क्यों नहीं करवा लेते, भाईसाहब?"

बाबा चहा तसाच टाकून खोलीत गेले.

उद्या मॅडमना उत्तर द्यायचंय. विषय सोडवत नाही, आणि बाबांच्या खोलीचं दार अजून बंद आहे. ते दार वाजवून मी नेमकं काय म्हणू?