कुक्कुटपालन पास

पुस्तक परत करताना लोक "छान होतं" म्हणतात, फार तर "ठीक होतं" म्हणतात. इन्स्पेक्टर मात्र एकच शब्द बोलायचे, "फेल." तोही चेहऱ्यावरची रेष न हलवता, आणि नेमका विनोदी पुस्तकांच्या बाबतीत. पोलीसखात्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ओझरच्या विमान कारखान्यात ते सुटे भाग तपासून पास-फेल ठरवायचे, म्हणून आमच्या पंचवटीतल्या वाचनालयात त्यांना हे नाव पडलं होतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे काउंटरवर बसू लागले आणि पहिल्याच आठवड्यात ते समोर उभे राहिले. म्हणाले, "ताई, खरोखर हसू येईल असं पुस्तक द्या. नुसतं कव्हरवर तसं लिहिलेलं नको." त्यांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती, हसणं तेवढं पूर्वीसारखं राहिलं होतं. घरात तिचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता. कारखान्याच्या बसमधून उतरून चहा घेतला की इन्स्पेक्टर तिला रोज दहा-पंधरा पानं वाचून दाखवायचे.

मी पदर खोचून कामाला लागले. धोतर सुटलेल्या माणसाचं चित्र असलेली, हसून पोट दुखेल अशी हमी देणारी सगळी पुस्तकं दिली. फेल. जे वाचताना मी काउंटरवरच फिस्सकन हसले होते आणि म्हाताऱ्या सभासदांनी माझ्याकडे वळून पाहिलं होतं, ते दिलं. तेही फेल. माझं पडलेलं तोंड बघून ते समजूत घालायचे, "माल चांगला हाय ताई, आमच्या मापात बसत नाय."

एकदा मोठाच घोटाळा झाला. विंचूरच्या एका शेतकऱ्यासाठी काढून ठेवलेलं कुक्कुटपालनाचं पुस्तक मी चुकून इन्स्पेक्टरांना दिलं. शरमेने आठ दिवस माझा जीव वरखाली होत होता. ते आले, पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "पास. असलं अजून हाय का?" माणूस थट्टा करतोय म्हणावं, तर थट्टा त्यांच्या स्वभावातच नव्हती.

तेव्हापासून माझ्या डोक्याचं पार भजं झालं. खतांवरचं पुस्तक दिलं, फेल. गृहिणींना उपदेश करणारं दिलं, पास. एका थोर पुरुषाचं चरित्र, जे आजवर कोणी पन्नास पानांपुढे नेलं नव्हतं, ते पास. शेवटी कुक्कुटपालन मी घरी नेऊन अथपासून इतिपर्यंत वाचलं. कोंबड्यांचे रोग कळले, हसू काही आलं नाही.

त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकांत समासात पेन्सिलीची बारीक टिंबं असायची. तपासणीच्या कामाने हाताला लागलेली खोड असेल, असं मी समजले. आमचे सेक्रेटरी पानांवर डाग खपवून घेत नसत. कशाला भल्या माणसाला बोलणी खायला लावायची, म्हणून दर शनिवारी रबर घेऊन मी एकेक टिंब पुसायची. एवढी स्वच्छ की माझं मलाच कौतुक वाटायचं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एकदा ते दोन महिने फिरकले नाहीत. आले तेव्हा दाढी वाढली होती. "मंडळी गेली," एवढंच म्हणाले. त्यांनी कुक्कुटपालन मागितलं, उभ्याउभ्याच पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली.

"ताई, टिंबं कुठं गेली? ती हसायची तिथं मी टिंब देत होतो."

मीच पुसली म्हणून सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुस्तक घेऊन खिडकीपाशी गेले, चष्मा काढला आणि पान डोळ्यांसमोर आडवं धरून उजेडात तिरपं-सरळ करू लागले. धातूवरचा चरा ते असाच शोधत असणार. मग बोट एका जागी थांबलं.

"शिसं गेलं. दाब राहिलाय," असं म्हणत त्यांनी खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिली.

दुपारभर आम्ही तेच केलं. ते बोट ठेवायचे, मी टिंब द्यायची. एका ओळीशी दोन टिंबं निघाली: 'नव्या कोंबडीस पहिले दोन दिवस कोणीही त्रास देऊ नये.' मला राहवेना. विचारलं, यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

त्यांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "मला तरी कुठं कळलंय? ती हसली, म्हणून टिंब दिलं."

निवृत्त होऊन ते वणीजवळच्या आपल्या गावी गेले, तेव्हा ते पुस्तक मीच त्यांच्या पिशवीत घातलं. वर्षअखेरच्या मोजणीत सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा पानं सुटली होती, रद्दीत काढलं, असं बिनदिक्कत ठोकून दिलं. इन्स्पेक्टरांनी पास केलेलं ते पुस्तक मी खोटं बोलून फेल केलं.

ती ओळ मला पाठ आहे. घरात एकटी असले की मोठ्याने म्हणून बघते. हसू अजून आलेलं नाही. रडू मात्र दोनदा आलं, आणि तेही का, ते मला नीट सांगता येत नाही.