रहमतचाचा आणि सरकीतल्या बाटल्या

शॅम्पेनची बाटली उघडताना आवाज होणं ही रहमतचाचांच्या लेखी बेअदबी होती. बूच मुठीत घट्ट धरायचे, बाटली हळूहळू फिरवायचे आणि झोपेत कुणी उसासा टाकावा एवढाच आवाज बाहेर येऊ द्यायचे. सेलूला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या मेहमानखान्यात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फसल्यासारखंच झालं, कारण मी बार उडेल म्हणून कानात बोटं घालून बसलो होतो. चाचा हसले. "मुनीमजी, बार उडवायला ही काय दिवाळी हाय? आवाज झाला की समजायचं, उघडणाऱ्याचा हात कच्चा."

चाचा मूळचे सेलूचेच. तरुणपणी हैदराबादला गेले आणि एका जागीरदाराच्या वाड्यावर, तिथल्या भाषेत ड्योढीत, आबदारखाना सांभाळू लागले. आबदारखाना म्हणजे पाणी, सरबतं, दारू आणि त्यांची सगळी काचेची भांडी. स्वतः पाच वेळचे नमाजी, थेंबही जिभेला लावला नव्हता. जागिरी गेल्या, ड्योढीतलं सामान लिलावात निघालं. आमच्या शेठजींनी मुंबईच्या खरेदीदारांची खातिर करायला म्हणून तिथून बाटल्या घेतल्या, पेल्यांचे दोन जोड घेतले आणि चाचांनाही बरोबरच घेऊन आले. शेठजींना सगळं एकगठ्ठा घ्यायची सवयच होती. सरकीच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत चाचा आणि चाची राहू लागले.

पेल्यांवरून मात्र दोघांचं कधी जमलं नाही. शेठजींना पसरट पेले आवडत, कारण ते भरल्यासारखे दिसतात. चाचा उंच, निमुळता पेला उजेडात धरून दाखवत. "बघा शेठजी, बुडबुडा तळातून कसा वर चढायलाय. त्या पसरट ताटलीत ही घटकाभरात मरून जाती." शेवटी पसरट पेल्यांतून पाहुण्यांना श्रीखंड वाढायचं ठरलं आणि दोघांचीही अब्रू राहिली.

फुरसतीला चाचा मला या दारूची कुळकथा सांगत. पूर्वी हिच्यातली फसफस म्हणजे खोटच मानायचे म्हणे. "थंडीत ती झोपायची, उन्हाळा लागला की बाटलीतच जागी व्हायची. काच कच्ची. एक फुटली की शेजारची फुटायची. तळघरात उतरणारे गडी तोंडाला लोखंडी जाळी बांधायचे. इंग्रजांनी कोळशाच्या भट्टीत जाड काच काढली, तवा कुठं टिकायला लागल्या." आणि मग ठरलेलं वाक्य: "हिला ऊब दाखवायची न्हाई, मुनीमजी."

शेठजींनी नेमकी तीच दाखवली. चाचा चाचीच्या माहेरी गेले असताना, बाटल्या कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून शेठजींनी त्या आंब्यांसारख्या सरकीच्या ढिगात पुरल्या. त्यात सरकी दमट होती, आणि दमट सरकीचा ढीग आतून तापतो हे जिनवाल्यानं तरी विसरायला नको होतं. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षंही झाली नव्हती. गाव वरवर शांत होतं, पण दार आपटलं तरी लोक दचकत. चाचा परत आले, शेठजी परभणीला गेले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पहिला धमाका झाला. पाठोपाठ आणखी दोन.

मी पेढीवरून धावत आलो तोवर रस्त्यावर ओरडा सुरू झाला होता, "रहमतच्या खोलीतून गोळ्या सुटल्या!" लोक काठ्या घेऊन जमले. जमादार शिपाई घेऊन आला, बंदुका रोखल्या गेल्या. चाचा हात वर करून दारात उभे होते आणि त्यांच्यामागे चाचीचं रडणं ऐकू येत होतं. मी जीव तोडून सांगत होतो की शेठजींनी सरकीत बाटल्या ठेवल्यात, त्या फुटल्या. "बाटलीचा असा आवाज येतो व्हय?" जमादार म्हणाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हत्यारं पुरल्यात तिथं! पेटवून द्या खोली!"

"मी काडून दावतो," चाचा म्हणाले.

त्यांनी डोक्याला आणि हातांना ओलं पोतं गुंडाळलं, तोंडापुढे पितळी परात धरली आणि गोदामात शिरले. आत काही फुटलं असतं तर बाहेरच्या बंदुका थांबल्या नसत्या, हे मला कळत होतं. बऱ्याच वेळानं ते एक बाटली घेऊन आले.

"उघड. आवाज आयकू दे," जमादार म्हणाला.

चाचांनी बुचाला बांधलेली तार सोडली आणि सवयीनं मूठ बुचाभोवती आवळली. बाटली फिरू लागली. ती नेहमीसारखी गुपचूप उघडली, तर यांचं खरं कोण मानणार?

मी ओरडलो, "चाचा, हात काढा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मूठ सोडली.

बार उडाला. एका शिपायानं बंदूक खांद्याला लावली, तेवढ्यात फेस उसळून चाचांच्या दाढीवरून ओघळू लागला. मग जमादार हसला आणि अख्खी गर्दी खो खो हसू लागली. पेटवून द्या म्हणणाराही हसत होता. चाचा उपरण्यानं दाढी पुसत राहिले, पुसून झाली तरी पुसतच राहिले.

गावाला मोठी गंमत मिळाली. बाजारातून चाचा निघाले की कुणीतरी तोंडानं बार काढायचं आणि ते दर वेळी दचकायचे. शेठजींनी लाख विनवलं, पण महिन्याच्या आत चाचांनी हैदराबादचं तिकीट काढलं.

स्टेशनावर मी म्हणालो, "चाचा, लोकांच्या हसण्याचं काय मनावर घेता? विसरतील."

"हसण्याचं न्हाई हो, मुनीमजी," ते म्हणाले. "हसले ते लय बरं झालं. पन माज्या घरातनं आवाज आला तवा एकालाबी असं वाटलं न्हाई, की चला, रहमतला काय लागलं का बघू. समदे काठ्या घेऊनच आले."

चाचीनं त्यांना डब्यातून हाक मारली आणि ते गाडीत चढले.