नळाच्या पाण्याची डाळ

मला पहिला मार बसला तो तुरीच्या डाळीपायी. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही आलं असतं, पण उजवं मनगट अजून दुखतं.

लग्न होऊन मी वडनेर भोलजीहून घाटावरच्या त्या गावात गेले. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात आदल्याच वर्षी नळ आले होते. आमच्या आळीत पहिला नळ सासऱ्यांनी घेतला. त्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांनी नळाला हार घातला, नारळ फोडला आणि त्याच उत्साहात परसातली जुनी विहीर दगडमातीनं बुजवून तिच्यावर नळाचा ओटा बांधला. विहिरीचं पाणी गोडं होतं. नळाचं निघालं जड. पण हे म्हणायचं कुणी? घरच्या कर्त्याला तुमचं चुकलं असं सांगायची त्या घरात रीत नव्हती.

दिसायला ते पाणी नितळ. साबण लावला की फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या निघत. न्हायल्यावर केसांच्या जटा होत. हंड्याला आतून पांढरा थर चढे, तो मी विटकरीनं खरवडत बसे. एवढं चालून गेलं असतं. डाळ मात्र शिजत नसे. दोन दोन तास चुलीवर ठेवा, सोडा घाला, तेल सोडा. दाणा वेगळा, पाणी वेगळं.

पहिल्यांदा मामाजींनी ताट भिरकावलं. ते माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटलं. "हे कच्चं खायले मी बैल हाय काय?" मग नवरा उठला. बापादेखत आपण कमी पडू नये म्हणून तो मारायचा, असं मला वाटतं. राग बापाचा असे, हात त्याचा. आधी थापड, मग चुलीची लोखंडी फुंकणी. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तोंडात पदर धरून कोपऱ्यात बसायच्या. माझ्या आधी वर्षभर हाच मार त्यांनी खाल्ला होता. आता त्यांची सुटका झाली होती. मी त्यांना फार दिवस माफ केलं नाही.

मामाजींचं निदान पक्कं होतं. "पाण्यात खोट नाई. हिच्या हातात खोट हाय." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी त्यांनी निकालच दिला. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं नवी घागर भरून पूजतात आणि पुरणपोळीचं जेवण घालतात. सगळे भाऊबंद येणार होते. "त्या दिवशी पुरण शिजलं नाई, तर हिले दुसऱ्या दिवशी वडनेरच्या गाडीत बसवा. वापस आणायची नाई." माहेरी माझ्या पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. टाकलेली थोरली घरात बसली तर त्यांना कोण करून घेणार?

गावात गोडं पाणी एकाच विहिरीला उरलं होतं. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती, तिथल्या लोकांनी स्वतः खणलेली ती विहीर. त्यांनी धर्म बदलला त्याला काही वर्षं झाली होती. आमच्या आळीची जीभ मात्र बदलली नव्हती. आमच्या गोवऱ्यांचा ढीग त्याच वाटेवर होता. आखाजीच्या सकाळी मी गोवऱ्या आणायच्या निमित्तानं डालं घेऊन निघाले. डाल्यात कळशी होती.

विहिरीवर माझ्याच वयाची एक बाई पाणी ओढत होती. मी कळशी पुढे केली. तिनं आधी माझ्या गालावरच्या वळाकडे पाहिलं.

"डाळीसाठी काय?"

"हाव."

तिनं कळशी काठोकाठ भरून दिली आणि म्हणाली, "पाणी आमचं नेसान, अन् नाव नळाचं सांगसान." कळशीभोवती गोवऱ्या रचून मी घरी आले.

हरभऱ्याची डाळ तासाभरात बोटानं चेपण्याइतकी मऊ झाली. मी चुलीपुढे बसून रडले. उरलेलं पाणी पितरांच्या घागरीत ओतलं. बिचारे जन्मभर गोडं पाणी प्यालेले, मेल्यावर त्यांना जड कशाला?

पंगत बसली. चुलतसासऱ्यांनी पोळीचा घास घेतला आणि मान डोलावली. मामाजी खूश झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नळाचंच पाणी हाय बरं का! बाईले दोन फुंकण्या बसल्या का डाळ बरोब्बर शिजते." पंगत हसली. नवराही हसला.

मी तूप वाढत होते. गप्प राहिले असते तर जिंकलेच होते. पुरण शिजलं होतं, वडनेरची गाडी टळली होती. पण त्या हशानं माझ्या अंगाची आग झाली, आणि विहिरीवरच्या बाईचं बोलणं कानातून गेलं नव्हतं. माझा स्वभाव मुळात तिखट. मी म्हणाले, "मामाजी, डाळ मारानं नाई शिजली, पाण्यानं शिजली. खालच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी हाय. पितरांच्या घागरीतबी तेच हाय."

हात ताटातच थांबले. एकानं अंगणात जाऊन घशात बोटं घातली. मामाजींनी घागर उचलून ओट्यावर आपटली. नवऱ्यानं मला केसांना धरून चुलीपर्यंत फरफटत नेलं. फुंकणी डोक्यावर येताना मी हात आडवा धरला. दोन घाव हातावर झेलले, तिसऱ्याला मनगट मोडलं. आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. पंगतीतलं कुणीही आडवं आलं नाही.

"आजच बसवा हिले गाडीत!" मामाजी ओरडले. तेव्हा चुलतसासरे बोलले. "बसवसान, मंग तिच्या बापाले काय सांगसान? काऊन टाकली म्हणून? आमी सारे जेवलो ना इथं!" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. बोभाटा झाला असता तर बाटले तेच असते, पितरांसकट. त्यांनी तिथल्या तिथे शपथा घेतल्या, गोमूत्र शिंपडलं आणि गोष्ट विहिरीसारखी बुजवून टाकली. माझा संसार त्या पाण्यानंच राखला.

मनगट वाकडं बसलं. काही दिवसांनी आत्याबाईंनी माझ्यापुढे कळशी ठेवली. "जाय. गोवऱ्यांत लपवून आण." मी म्हणाले, "आणीन तं डोक्यावर, भर बाजारातून. नाई तं नळाची डाळ खा." त्यांनी कळशी उचलून ठेवली. मी नळाचीच डाळ शिजवत राहिले आणि मामाजी ती मुकाट्यानं चावत राहिले. ताट भिरकावलं असतं तर पाण्याचा विषय निघाला असता. नवऱ्याचाही हात पुन्हा उठला नाही. पश्चात्ताप वगैरे नव्हता तो, ही आता काय बोलेल याची धास्ती होती.

चार-पाच वर्षांनी मामाजींना मुतखडा झाला. कळ आली की अंगणात लोळायचे, गुरासारखे ओरडायचे. डॉक्टरनं सांगितलं, नळाचं पाणी बंद करा आणि गोडं पाणी भरपूर पाजा. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आण."

मी घागर डोक्यावर घेऊन बाजारातून गेले. विहिरीवर तीच बाई होती. तिनं विचारलं, "कोणाले?" मी सांगितलं. तिनं दोर सोडला आणि माझं मनगट पाहून घागरही तिनंच उचलून दिली.

घरी आल्यावर तांब्या भरून मी खाटेशी उभी राहिले. मामाजींनी हात पुढे केला. मी मागे सरले. "कोणत्या विहिरीचं हाय, ते आधी म्हणा. मोठ्यानं." ते कळवळत होते. दे गं, दे गं, म्हणून आत्याबाई रडत होत्या. मी दुष्टपणा केला का? केला. दोनदा त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा म्हणाले, आळीला ऐकू जाईल असं. मग मी तांब्या दिला.